शिकाऊ परिचारिका आणि वॉर्डांतील जाच

परिचारिकेचा पेशा थोर आहे असें निबंधांत लिहून आमच्या विद्यार्थिनी दरवर्षीं चांगले गुण मिळवितात, आणि तो निबंध तपासणारे आम्हीच असल्यामुळें त्यांत दोषाचा थोडा वांटा आमचाही आहे. त्या निबंधांत हातीं दिवा घेऊन फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल असते, रोग्यांचे आशीर्वाद असतात. परंतु आज वॉर्डांत कोणती सिस्टर असेल या विचारानें पहाटेंच जिच्या पोटांत गोळा उठतो, ती अठरा वर्षांची मुलगी त्यांत नसते. उमरखेडच्या बाजूच्या मुली नांदेड, यवतमाळ, नागपूर येथें हें शिक्षण घेण्यास जातात. कोणी तीन वर्षांच्या जी. एन. एम. ला, कोणी चार वर्षांच्या बी. एस्सी. नर्सिंगला. एस. टी. स्टँडवर पोंचवावयास अर्धें घर येतें. पण तेथें गेल्यावर काय सोसावें लागेल, आणि त्यांतलें काय मुळींच सोसूं नये, हें त्यांना कोणी सांगत नाहीं. तें येथें सांगावें असा आमचा विचार आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमची एक जुनी विद्यार्थिनी दिवाळीच्या सुटींत भेटावयास आली. वर्गांत ती मोठी बोलकी होती. त्या दिवशीं मात्र खुर्चीच्या कडेवर बसून ओढणीचें टोक पिळीत होती. हळूहळू कळलें तें असें. टी. पी. आर. च्या तक्त्यावर तिनें एका रोग्याची नाडी दुसऱ्याच्या नांवापुढें लिहिली. चूक खरी. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरनें सर्व रोग्यांदेखत तिची वही जमिनीवर फेंकली, तिच्या गांवाचा व बोलण्याचा उद्धार केला, आणि त्या दिवसापासून महिनाभर तिच्या वांट्यास एकच काम लागलें, बेडपॅन उचलण्याचें. वरच्या वर्षाच्या मुलींनीं तिला टोपणनांव ठेविलें. रात्रपाळी करून आल्यावर त्यांचे कपडेही तिनेंच धुवावयाचे. तिला जेवण जाईनासें झालें, इंजेक्शन भरतांना हात कांपूं लागला, आणि हात कांपतो म्हणून पुन्हा बोलणीं बसूं लागलीं. "सर, मला हें काम येणारच नाहीं का?" असें तिनें विचारलें.

आम्ही म्हणालों, "थोडें सहन कर, बाळ. हेही दिवस जातील." वीस वर्षें शिकविणाऱ्या माणसाचें हें उत्तर! ती "बरं सर" म्हणून गेली, आणि आम्हीं सांगितलें म्हणून तिनें सहन केलें. पुढच्या उन्हाळ्यांत ती घरीं आली तेव्हां निम्मी झाली होती. परत जाण्याच्या आदल्या रात्रीं तिचा श्वास कोंडला, म्हणून वडिलांनीं तिला दवाखान्यांत नेलें. छाती तपासली, काढा काढलेला आलेख पाहिला. कांहीं निघालें नाहीं. त्या सल्ल्याची आम्हांस आजही लाज वाटते.

वॉर्डांतील कडक शिस्त आली कोठून, हें आधीं पाहिलें पाहिजे. क्रिमियाच्या युद्धानंतर, १८६० सालीं, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत नाइटिंगेलबाईंच्या नांवाची शाळा निघाली. शिकाऊ मुलींनीं वॉर्डांत राहून, वरच्या बाईच्या आज्ञेंत, काम करीत शिकावें अशी तिची घडण होती, आणि तीच घडण पुढें आपल्याकडे आली. पुण्यास रमाबाई रानडे यांच्या सेवासदनानें १९०९ नंतर विधवा स्त्रियांना ससून रुग्णालयांत या शिक्षणास पाठविलें, तेव्हां लोकांची नाराजी बाहेरची होती. आंतला त्रास संख्येच्या टंचाईतून वाढला. भोर समितीनें १९४६ सालीं हिशेब मांडला, तेव्हां साऱ्या हिंदुस्थानांत नोंदलेल्या परिचारिका सुमारें ७,००० होत्या. म्हणजे ४३,००० लोकांमागें एक. जेथें हात इतके थोडे, तेथें शिकाऊ मुलगी ही विद्यार्थिनी न राहतां फुकटचा हात होऊन बसते. ज्या सिस्टरवर दोन वॉर्डांचा भार आहे तिच्या जिभेवर गोडवा टिकणें कठीण, हें आम्ही मान्य करतों.

शिस्त मात्र पाहिजेच. औषधाच्या मात्रेंत दशांश चिन्ह एक घर सरकलें, तर अर्ध्याचे पांच होतात. निर्जंतुक केलेल्या ट्रेकडे मुलीचा उघडा हात जातांना सिस्टर ओरडली, "हात लावूं नकोस!" तर तो जाच नव्हे, त्या क्षणीं हळू बोलणें हाच अपराध ठरेल. चुकीबद्दल बोलणें खावें लागलें, तेंच काम पुन्हा करावयास लावलें, तर ती शिकवण समजावी, मग ती कितीही कडू असो. परंतु बोलणें चुकीवरून सुटून मुलीच्या जातीवर, रंगावर, गांवावर, आईबापांच्या गरिबीवर गेलें. चूक सुधारल्यावरही शिक्षा चालूच राहिली. कसें करावें हें न दाखवितां केवळ चारचौघांत पाणउतारा होऊं लागला. किंवा ज्यांचा वॉर्डाशीं कांहीं संबंध नाहीं अशीं खासगी कामें लादलीं गेलीं, कीं तो जाच झाला. आमच्या त्या मुलीच्या हकीकतींत पहिलें पाव तासाचें रागावणें शिकवणींत बसेल. वही फेंकणें व पुढचा महिना बसत नाहीं.

हा जाच वाहात कसा येतो, तें आपल्या मायबहिणींना समजावून सांगावयास नको. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, ही म्हण आपणच केली आहे. जिनें पहिल्या वर्षीं कपडे धुतले तीच तिसऱ्या वर्षीं धुवून घेते, आणि "आम्हीं नाहीं का सोसलें?" असें वर विचारते. अमेरिकेंत ज्युडिथ मेइसनर या परिचर्येच्या शिक्षिकेनें १९८६ सालीं आपल्याच व्यवसायभगिनींना विचारलें होतें कीं, आपण आपलींच पिलें खातों आहों काय. म्हणजे सासुरवास हा केवळ आपल्याच घरचा नाहीं.

आतां भीतीविषयीं. वरिष्ठाचा आवाज ऐकतांच छाती धडधडणें, तोंडास कोरड पडणें, हाताला कंप सुटणें, पाठ केलेलें न आठवणें, हीं भित्रेपणाचीं लक्षणें नव्हेत. समोर वाघ आला असतां शरीर जी तयारी करतें तीच तें येथें करतें. रक्त स्नायूंकडे धांवतें, आणि बारीक कामाला लागणारें लक्ष विखुरतें. याचा भार शेवटीं रोग्यावर पडतो. इस्रायलमध्यें नवजात बालकांच्या विभागांतील २४ पथकांवर एक प्रयोग झाला व तो २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. सरावासाठीं रचलेल्या प्रसंगांत पथकांना अत्यवस्थ बालक सांभाळावयाचें होतें. कांहीं पथकांना एका पाहुण्या तज्ज्ञाकडून आधीं थोडे उर्मट शब्द ऐकविले, तेही त्यांच्या कामाशीं संबंध नसलेले. एवढ्यानेंच त्या पथकांचें निदान व हातचें काम इतरांपेक्षां कमी प्रतीचें झालें. जी सिस्टर म्हणते कीं ओरडल्यावांचून मुली शिकत नाहींत, तिला हा प्रयोग कोणीतरी सांगावा. आम्हांसही तो लागू आहे, कारण गणिताच्या तासाला आमचा आवाज शेजारच्या वर्गांत जातो.

भीतीवर तात्पुरते उपाय साधे आहेत. ड्यूटीला उपाशी जाऊं नये. रात्रपाळीनंतरची झोप कपडे धुण्यांत किंवा मोबाइलवर घालवूं नये. हात कांपूं लागला तर श्वास सावकाश, घेतल्यापेक्षां अधिक वेळ लावून सोडावा, आणि सुई हातीं असेल तर ती खालीं ठेवून "सिस्टर, एकदां माझ्याबरोबर पाहाल का?" असें विचारावें. न विचारतां टोंचलेल्या सुईपेक्षां विचारून खाल्लेलें बोलणें बरें. पण पंधरा दिवस झोप नाहीं, अन्न जात नाहीं, जगणें नकोसें वाटतें, असें होऊं लागलें तर तें श्वासानें जाणारें दुखणें नव्हे. तेव्हां त्याच दिवशीं घरीं सांगावें व डॉक्टरला भेटावें. सरकारचा टेली-मानस हा दूरध्वनी १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य चालतो, आणि तेथें मराठींत बोलतां येतें.

सांगण्यांत उशीर झाला तर काय होतें, याचें दुःखद उदाहरण आपल्या राज्यांतलेंच आहे. जळगांवकडील आदिवासी तडवी समाजांतील डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयांत स्त्रीरोगशास्त्राचें पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे १९९९ रोजीं नव्हे, तर त्यानंतर वीस वर्षांनीं, २२ मे २०१९ रोजीं, त्यांनीं आपलें जीवन संपविलें. वर्ष मुद्दाम असें सांगितलें, कारण १९९९ सालींच महाराष्ट्रानें रॅगिंगविरोधी कायदा केला होता. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर छळाचा आरोप ठेवून पोलिसांनीं न्यायालयांत आरोपपत्र दाखल केलें. आपण हें वरिष्ठांच्या कानांवर घातलें होतें असें घरच्या मंडळींनीं सांगितलें. लेखी तक्रार आली नव्हती, असें रुग्णालयाकडून सांगण्यांत आलें.

म्हणून कागदाचें महत्त्व. त्या कायद्याप्रमाणें तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखानें सात दिवसांत चौकशी करावयाची असते, न केल्यास तोही दोषी धरला जातो. अपराध्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, आणि पांच वर्षें दुसऱ्या संस्थेंत प्रवेश मिळत नाहीं. पण सात दिवस मोजावयास तारीख लागते. यासाठीं एक लहान वही ठेवावी. तींत तारीख, वेळ, वॉर्ड, कोण काय म्हणालें, जवळ कोण होतें, एवढेंच लिहावें. आपला संताप त्यांत ओतूं नये. वॉर्डांतल्या मावशी पुष्कळदां सर्व पाहात असतात, त्यांचें नांवही टिपावें. आधीं ट्यूटरशीं बोलावें, मग प्राचार्यांकडे अर्ज द्यावा, आणि आपल्या प्रतीवर पोंच घेतल्यावांचून तेथून हलूं नये. रॅगिंगविरुद्धचा देशव्यापी क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. स्पर्श, अश्लील बोलणें असा प्रकार असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणें दहा किंवा अधिक माणसें असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणीं तक्रार समिती पाहिजे. तिच्याकडे तीन महिन्यांच्या आंत अर्ज करावा.

आमच्या विद्यार्थिनीचें पुढें काय झालें? त्या उन्हाळ्यांत तिनें आमच्या ओटीवर बसून आठवेल तेवढें तारीखवार लिहून काढलें. तिचे वडील व आम्ही एस. टी. नें तिच्याबरोबर गेलों. प्राचार्याबाईंनीं अर्ज दोनदां वाचला, फारशा बोलल्या नाहींत, पण पोंच दिली. आठ दिवसांत तिचा वॉर्ड बदलला, वरच्या मुलींना ताकीद मिळाली. त्या सिस्टर मात्र तेथेंच राहिल्या, आणि वाटेंत भेटल्या तर तोंड फिरवीत. शिक्षण पुरें करून ती आतां सरकारी नोकरींत आहे. नाडीचा आंकडा ती अजून दोनदां ताडून पाहते, असें मागें सांगत होती.

येत्या वर्षीं ज्या मुली या अभ्यासक्रमाचे अर्ज भरणार असतील त्यांनीं कोणत्याही शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्हांस भेटावें. आईवडिलांपैकीं एकानें तरी बरोबर यावें. वहीविषयीं सांगावयाचें तें त्यांनाही सांगावयाचें आहे.