शब्दसूची कशी लावावी?

ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची नसेल तर एका संदर्भासाठी सबंध ग्रंथ चाळावा लागतो. सूची आहे, पण क्रम चुकला आहे, तर शब्द ग्रंथात नाहीच असा आपला समज होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः पाली शब्दकोशासाठी परिश्रम घेतले. त्यांचे पालीविषयक लेखन शासनाने १९९८ साली १६ व्या खंडात प्रसिद्ध केले. नागसेनवनाच्या विद्यार्थ्यांना हे काम परके वाटू नये.

संगणकावर चूक कोठे होते? जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्याच क्रमाने साठविली जात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येई. त्यामुळे मिलिंद, विहार, भिक्खू हे शब्द आपापल्या अक्षराखाली न जाता एकाच ठिकाणी गोळा होत. म्हणून मजकूर प्रथम युनिकोडमध्ये आणावा.

तरीही एक अडचण उरते. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. तक्त्याप्रमाणे वेरूळ, वेळुवन, वेसाक असा क्रम लागतो. वर्णमालेप्रमाणे वेरूळ, वेसाक, वेळुवन असा हवा. हिंदी सूचीत हा प्रश्न सहसा येत नाही.

'क्ष' आणि 'ज्ञ' हे 'क', 'ज' खाली घ्यावयाचे की शेवटी, अनुस्वाराचे शब्द आधी की नंतर, हे ठरवून सूचीच्या माथ्यावर छापावे, असे आम्ही सुचवितो. पृष्ठांक मात्र शेवटच्या प्रुफानंतरच टाकावेत. शब्द शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परतू नये, एवढीच आमची अपेक्षा.