‘गुलमंडी’तला ल कुणाचा?

नव्वदच्या दशकात मराठी डीटीपी म्हणजे ‘श्री-लिपी’, ‘आकृती’ किंवा सी-डॅकचे ‘आयएसएम’. तेव्हाचे औरंगाबादही त्याला अपवाद नव्हते. प्रत्येक फॉन्टचे संकेत निराळे, त्यामुळे एका दुकानात जुळवलेला मजकूर दुसरीकडे उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमिड. सगळ्यांसाठी एकच संकेत ठरवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, पण सामान्यांच्या हाती ती पडली ‘विंडोज २०००’मधल्या ‘मंगल’ फॉन्टबरोबर.

आणि शहरातल्या ‘गुलमंडी’ या बाजारपेठेच्या नावातला ल हिंदी झाला.

युनिकोड अक्षराला आकडा देते, वळण नाही. मराठीचा पाकळीचा ल आणि हिंदीचा दंडाचा ल यांचा आकडा एकच, श चेही तसेच. हाच वाद पूर्व आशियात केवढा तरी मोठा झाला होता. १९९२ मध्ये चीन, जपान, कोरियाची २०,९०२ चित्राक्षरे एकत्र बांधली गेली. ‘हाड’ या अर्थाच्या अक्षरातला छोटा चौकोन चीनमध्ये डावीकडे आणि जपानमध्ये उजवीकडे काढतात, आकडा मात्र सामाईक. जपानी मंडळी भडकली ती उगाच नव्हे. तोडगा दोन्हीकडे सारखाच निघाला: योग्य वळणांचा फॉन्ट घ्यायचा आणि मजकुराला भाषेची खूण लावायची. ‘नोटो सान्स देवनागरी’त मराठी वळणे आहेत, पण खूण ‘हिंदी’ राहिली की दंडाचा ल हजर. १० नोव्हेंबर २०२२च्या शासन निर्णयाने पाकळीच्या ल चा आणि देठाच्या श चा आग्रह धरला खरा, पण सॉफ्टवेअर शासन निर्णय वाचत नाही.

उलटा घोळ, म्हणजे रूप एक आणि आकडे निराळे, त्याहून चिवट. अजिंठ्याच्या ‘दऱ्या’ दोन रीतींनी टंकता येतात. युनिकोडच्या १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीची रीत र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण अशी. नंतरची रीत ऱ आणि हलन्त. हा ऱ मुळात द्राविडी भाषांच्या लिप्यंतरासाठी होता! जुन्या फायलींसाठी पहिली रीतही कायम ठेवली गेली. छापल्यावर फरक दिसत नाही, शोधताना मात्र एक ‘दऱ्या’ हाती लागतात आणि दुसऱ्या निसटतात. ‘ॲ’ला स्वतंत्र आकडा मिळाला २००८ मध्ये, तोवर कुणी अ वर चंद्र चढवला, कुणी हिंदीचा ऍ वापरला. त्यामुळे छपाईआधी ‘शोधा आणि बदला’चा एक हात फिरवावाच लागतो.

याच शहराच्या उर्दूलाही हा ताप आहे. कवी सिराज औरंगाबादींच्या नावातले शेवटचे ‘ये’ हे अक्षर अरबी कळफलकावरून टंकले की खाली दोन नुक्ते, म्हणजे ठिपके, येतात. उर्दू वाचकाला ते खटकतात आणि उर्दू ‘ये’ घालून केलेल्या शोधात हे नाव सापडत नाही.