एका व्होल्टची सप्तकभर उडी

मे १९६९. बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याची नवी तबकडी बाजारात आली: ‘इलेक्ट्रॉनिक साउंड’. मुखपृष्ठ त्यानंच रंगवलेलं. आत दोनच रचना, एक साधारण १८ मिनिटांची, दुसरी २५. आणि गंमत अशी की गिटार नाही, ठेका नाही, गाणंही नाही! नुसत्या शिट्ट्या, घरघर, गडगडाट. हे सगळं आलं कुठून?

लाकडी खोक्यांतून. अमेरिकी अभियंता रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये ज्याचा पहिला नमुना घडवला, तो मूग सिंथेसायझर. पुढच्या बाजूला खुंट्याच खुंट्या आणि वायरींचं जंजाळ. आत ना तार, ना कातडं, ना भाता. फक्त वीज!

पण वीज गाते कशी? ऑसिलेटर नावाचं सर्किट विजेला झपाझप वर-खाली झुलवतं. सेकंदाला ४४० वेळा झुलवलं की स्पीकरचा पडदा तितक्याच वेळा थरथरतो आणि आपल्याला एक सूर ऐकू येतो. आता खरी करामत पाहा. हा वेग हातानं नव्हे, दुसऱ्या विजेनं बदलतो. एक व्होल्ट वाढवा, ४४० चे ८८० होतात. मध्य सा थेट तार सा! सप्तकातल्या बारा स्वरांसाठी त्याच व्होल्टचे बारा भाग. आणि कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागा? एका ताणलेल्या फितीवर बोट सरकवलं की व्होल्टेज अखंड बदलत जातं आणि सूर मींडेसारखा घसरतो. वर्षभरापूर्वीच, जानेवारी १९६८ मध्ये, हॅरिसननं मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत सरोद, सनई, सतारीचं ध्वनिमुद्रण केलं होतं. तिथं बोटं आणि श्वास जे करत होते, ते इथं व्होल्ट करत होते.

अजून पुढे जाऊ. एक ऑसिलेटर इतका मंद करा की त्याचा सूर कानाला कळणारच नाही. सेकंदाला पाच-सहा झोके. ती वीज दुसऱ्या ऑसिलेटरला जोडा. दुसऱ्याचा सूर थरथरू लागतो. मग पहिल्याचा वेग वाढवत न्या. एका टप्प्यावर थरथर नाहीशी होते आणि घंटेसारखा धातूचा नाद उमटतो. म्हणजे ताल वेगानं धावला की नादच होतो!

याहून नवलाची गोष्ट म्हणजे ‘व्हाइट नॉइज’, ऐकू येणाऱ्या सगळ्या कंपनांची एकदम सरमिसळ. ती फिल्टरमधून सोडायची. फिल्टर म्हणजे चाळणच, फक्त हिची भोकं व्होल्टेजनं लहान-मोठी होतात. भोकं हळूहळू उघडा, खोलीत वारा सुटतो.

बरं, एका वेळी सूर एकच, आणि यंत्राला स्मरणशक्ती शून्य. वायरी उपसल्या की तो आवाज गेला. म्हणजे दर वेळी नव्यानं आवाजांच्या शोधात भटकायचं, आणि या तबकडीत हॅरिसन नेमका तसाच भटकतो. एक रचना त्याच्या इंग्लंडमधल्या घरी झाली, दुसरी कॅलिफोर्नियात. ती दुसरी म्हणजे आपण दाखवलेलं मूगचं प्रात्यक्षिकच, परवानगीशिवाय टेप केलेलं, असं संगीतकार बर्नी क्राउस यांचं म्हणणं होतं. हेच क्राउस पुढे सिंथेसायझर बाजूला ठेवून रानावनांतले आवाज टिपत जगभर हिंडले!

अल्बम ज्या ‘झॅपल’ कंपनीनं काढला, ती दोन तबकड्यांतच आटोपली. मूग मात्र टिकला. सप्टेंबरात बीटल्सचा ‘ॲबी रोड’ आला, तेव्हा हॅरिसनच्या ‘हिअर कम्स द सन’मध्ये हेच यंत्र गिटारीभोवती लखलखत होतं आणि ‘आय वॉन्ट यू’च्या शेवटी तोच व्हाइट नॉइजचा वारा घोंघावत होता. म्हणूनच ‘इलेक्ट्रॉनिक साउंड’ आधी ऐकावा. नंतर ‘ॲबी रोड’ लावला की, इतकी वर्षं गाण्यात विरघळून गेलेले ते व्होल्ट कानाला वेगळे सापडायला लागतात.