गोमतीकाठी बिअर आली, पब मागे राहिला

लखनौ शहराच्या पूर्वेकडे, गोमती नदीच्या डाव्या तीरावर, १९८०च्या दशकापासून लखनौ विकास प्राधिकरणाने वसवलेल्या गोमती नगरात संध्याकाळी बाहेर खाण्यापिण्याची जी नवी रीत रुजली आहे, तिचे एक मोठे केंद्र विभूती खंडातील समिट बिल्डिंगसारख्या बहुमजली व्यापारी इमारतींत असून, तेथील मद्यालयांचा उल्लेख बोलण्यात सर्रास ‘पब’ असा होतो. मंद दिवे, कानठळ्या बसवणारे संगीत, दाराशी होणारी विचारपूस आणि टेबलावर येणारे बिल ही अशा जागांची लक्षणे. मात्र ज्या इंग्रजी ग्रामीण संस्थेचे नाव त्या मिरवतात, तिथे यांतील बहुतेक गोष्टी आढळत नाहीत. नाव आले, पेय आले, पण संस्था आली नाही, आणि तसे का घडले याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या पेयाच्या स्वभावात व लखनौच्याच इतिहासात मिळते.

पब म्हणजे ‘पब्लिक हाउस’: मालक ज्या घरात राहतो त्याच घराच्या खालच्या दालनात गावाला बसू देण्याची सोय. घरी गाळलेले पेय शेजाऱ्यांना विकण्याच्या मध्ययुगीन चालीतून ती वाढली. १३९३ मध्ये राजा दुसरा रिचर्ड याच्या काळात असे पेय विकणाऱ्याने दाराबाहेर खूण लावलीच पाहिजे असा दंडक झाला; बहुसंख्य गिऱ्हाइके निरक्षर असल्याने ती खूण चित्राची असे, आणि आजही इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत पांढरे हरीण, तांबडा सिंह किंवा मुकुट रंगवलेल्या पाट्या वाऱ्यावर हलताना दिसतात. १५५२ मध्ये या घरांना परवाना घेणे सक्तीचे झाले आणि तो देण्याचे काम स्थानिक न्यायाधीशांकडे आले. म्हणजे गावातल्या गावात कोणाला मद्य विकू द्यायचे याचा निवाडा तिथे निदान साडेचारशे वर्षे स्थानिक पातळीवरच होत आला.

या घरातले खास पेय म्हणजे एल. जवाला मोड आणून ते भट्टीत वाळवतात, गरम पाण्यात भिजवून त्यातील साखर उतरवून घेतात, त्या रसात हॉप या वेलीची कडवट फुले उकळतात आणि मग यीस्ट घालून तो आंबवतात. एलचे यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला काम करते आणि फेसाबरोबर वर तरंगते, तर भारतात बिअर म्हणून जी ओळखली जाते त्या लागरचे यीस्ट त्याहून बऱ्याच थंडीत, तळाशी बसून, सावकाश काम करते. खरा फरक मात्र पुढे पडतो. पारंपरिक एल कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यातील यीस्ट जिवंतच असते आणि पिंपात तिचे दुसऱ्यांदा आंबणे चालू राहते. पबच्या तळघरात सुमारे १२ अंशांवर ते पिंप आडवे ठेवून, गाळ खाली बसू देऊन, वरच्या बुचात लाकडाची सच्छिद्र खुंटी ठोकून आतला वायू हळूहळू बाहेर जाऊ देणे हे मालकाचे रोजचे काम. जोसेफ ब्रामा याने १७९७ मध्ये पेटंट घेतलेल्या हातपंपाच्या लांब दांड्याने ती वर ओढली जाते, ५६८ मिलिलिटरच्या पिंट ग्लासात पडते, आणि पंप ओढणारा हात किती सराईत आहे हे तिच्या फेसावरून पारखी लगेच ओळखतो. एकदा उघडलेले पिंप हवा लागल्यामुळे तीनचार दिवसांत संपवावे लागते, नाहीतर ते आंबट होते. एलला थंड तळघर लागते, जाणता मालक लागतो आणि रोज येणारे गिऱ्हाईक लागते. दुसऱ्या शब्दांत, या पेयाला घर लागते. १९७० च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी वायू भरलेली, यीस्ट मारलेली बिअर पबांवर लादली, तेव्हा १९७१ मध्ये ग्राहकांनीच ‘कॅम्रा’ ही संघटना काढून पिंपातील एल वाचवली, हे ग्राहक चळवळींच्या इतिहासातले एक फार यशस्वी आणि थोडेसे गमतीचे प्रकरण आहे.

जेवणाचे महत्त्व त्या मानाने अलीकडचे आहे. पाव, चीज, लोणचे आणि कांदा असे ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे नांगरगड्याचे जेवण, जुनेपुराणे भासत असले तरी त्या नावाचा प्रसार १९५० व १९६० च्या दशकांत चीज खपवू पाहणाऱ्या व्यावसायिक मंडळांनी केला. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये बंद जागेत धूम्रपानाला बंदी आल्यावर तर स्वयंपाकघर हाच अनेक पबांचा आधार ठरला. रविवारी भाजलेले मांस, बटाटे आणि यॉर्कशर पुडिंग, एरवी कणकेच्या आवरणात सारण भरून भाजलेला ‘पाय’ किंवा मासा आणि बटाट्याचे तळलेले काप, असा बेत असतो. गल्ल्यापाशी स्वतः जाऊन मागणी करायची, तिथल्या तिथे पैसे द्यायचे, आणि चारचौघांच्या टोळक्यात प्रत्येकाने आळीपाळीने सर्वांची फेरी आणायची. आपली पाळी चुकवणारा माणूस गावात फार काळ लपून राहत नाही.

भारतात एल आली ती घराशिवाय. लंडनच्या पूर्वेकडील बो येथील हॉजसन यांची फिकी एल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून, आफ्रिकेला वळसा घालून, मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला येऊ लागली, आणि १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉप यांनी त्या व्यापारात उडी घेतली. महिनोन्‌महिने टिकावी म्हणून हॉप जास्त घातलेली ती एल, आजची ‘इंडिया पेल एल’, इथल्या साहेबाला मिळे ती मेसमध्ये किंवा क्लबात, आणि गोऱ्या शिपायाला बिअर मिळे ती छावणीच्या कँटीनमध्ये. दोन्ही ठिकाणी गावकऱ्याला मज्जाव होता. शेतकरी, पाद्री, डॉक्टर आणि गाडीवान एकाच छताखाली बसतात हे जे पबचे वैशिष्ट्य, तेच वसाहतीच्या व्यवस्थेला परवडणारे नव्हते.

एडवर्ड डायर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कसौलीच्या थंड हवेत बिअरचा कारखाना काढला आणि पुढे मैदानी प्रदेशात, लखनौलाही, काढला. जालियनवाला बागेत १९१९ मध्ये गोळीबार करवणारा जनरल डायर हा त्याचाच मुलगा. एच. जी. मीकिन याने नंतर डायरचे काही कारखाने विकत घेऊन आपला व्याप वाढवला आणि पुण्याजवळ खडकीलाही कारखाना घातला, कारण तिथे छावणी होती. दोन्ही घराण्यांचे उद्योग पुढे एकत्र झाले, १९४९ मध्ये ते नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडे आले, आणि ‘मोहन मीकिन’ हे नाव मराठी वाचकाला ‘ओल्ड मंक’ रममुळे चांगलेच परिचित आहे. त्या कंपनीचा लखनौचा कारखाना डालीगंजला, गोमतीच्याच काठी, गोमती नगरापासून नदीच्या वरच्या अंगाला आहे. शंभरहून अधिक वर्षे लखनौत बिअर तयार होत असूनही शहरात एक पब उभा राहिला नाही, कारण बाटलीतल्या बिअरला तळघर लागत नाही.

सामान्य लखनवी माणसाच्या वाट्याला आला तो ठेका. इंग्रजी अबकारी व्यवस्थेने दारूकडे महसुलाचे साधन म्हणून पाहिले आणि विक्रीचा हक्क लिलावाने गुत्तेदाराला दिला. विकून मोकळे व्हावे, बसायला जागा देऊ नये, हा तिचा कल. उत्तर प्रदेशात त्यातून ‘मॉडल शॉप’ हा एक निराळा प्रकार निघाला: पुढे बाटल्यांचा काउंटर, मागे किंवा वर पंख्याखाली वा वातानुकूलित खोलीत टेबले, चखना म्हणून उकडलेली अंडी, मसाला शेंगदाणे, कांदा-टोमॅटो घातलेले चणे. गोमती नगरात चकचकीत लाउंजपासून थोड्याच अंतरावर हे चालू असते, आणि वस्तुतः गिऱ्हाईक स्वतः काउंटरवर जाते, आगाऊ पैसे मोजते, ओळखीच्या टेबलावर बसते, या दृष्टीने मॉडल शॉपच पबच्या अधिक जवळचे आहे. उणीव दोन गोष्टींची: तिथे बायकामुले येत नाहीत, आणि तिथली बिअर बहुधा आठ टक्क्यांच्या आसपासची ‘स्ट्राँग’ असते. चार टक्क्यांची एल दोन तास गप्पांना पुरते. आठ टक्क्यांची बिअर वेगळ्याच हेतूने प्यायली जाते.

महाराष्ट्रात १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यालाच परवाना सक्तीचा केला आणि बंदी सैल झाल्यावर ‘परमिट रूम’ जन्माला आली. तिच्या अंधाऱ्या खोलीला लाजून हमरस्त्यावरच्या हॉटेलांनी बाहेर हिरवळीवर ‘फॅमिली गार्डन’ मांडले, जिथे आजोबांपासून नातवापर्यंत सगळे चिकन हंडी खातात आणि बिअरची बाटली एकाच टेबलापुरती असते. गोव्यात, पोर्तुगीज अमलाच्या वेगळ्या इतिहासामुळे, वाड्यावाड्यावरचे तावेर्न टिकले. मालकाच्या घराला लागून असलेली खोली, उन्हाळ्यात ताजी हुर्राक, एरवी काजूची फेणी, सोबत तळलेला मासा, ही भारतातली पबची खरी जुळी बहीण म्हणावी लागेल. उलट इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समध्ये बंद पडू लागलेले पब पंजाबी मालकांनी घेतले आणि तिथे हातपंपाच्या एलबरोबर तंदुरी कोंबडी व कबाब मिळू लागले. ‘देसी पब’ या नावाने ते आता ओळखले जातात.

पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ने जागेवरच बिअर बनवणारी मायक्रोब्रुअरी सुरू केली आणि अलीकडच्या वर्षांत उत्तर प्रदेश सरकारही अशा परवान्यांना मान्यता देऊ लागले आहे. अशा ठिकाणची बिअर गाळून वा तापवून टिकाऊ केलेली नसते, ती तिथल्या तिथे थोड्या दिवसांत खपवावी लागते, आणि लखनौच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जात असताना टाक्या थंड ठेवण्याचा खर्च मालकाला सोसावा लागतो. म्हणजे टाकी वेळेवर रिकामी करणारे रोजचे शेजारी गिऱ्हाईक ही गोमती नगरातल्या व्यावसायिकाची आता निव्वळ हिशेबी गरज होऊ शकते. मात्र बहुमजली इमारतीचे भाडे आणि त्यापायी चढलेला ग्लासाचा दर पाहता, गोमती नगरातल्याच विपुल खंडातला निवृत्त कारकून आठवड्यातून तीनदा तिथे जाऊन बसेल, अशी चिन्हे अजून दिसत नाहीत.