न्यूरामिनिडेज : विषाणूची सुटकेची कात्री

मागच्या वेळी आपण फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो कसा, ते पाहिलं. आज उलटा प्रश्न घेऊ : तो पेशीपासून सुटतो कसा? 'एच१एन१' या नावातला 'एच' म्हणजे शिरकाव करून देणारं प्रथिन, हेमाग्लुटिनिन. आजचा विषय आहे त्यातला 'एन', न्यूरामिनिडेज हे विकर, म्हणजे एन्झाइम.

आधी एक जुना प्रयोग. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांनी कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींत फ्लूचा विषाणू मिसळला. थंडाव्यात विषाणू पेशींना चिकटला आणि त्यांच्या गुठळ्या झाल्या. तेच मिश्रण ३७ अंश सेल्सियसला ठेवलं, तर विषाणू आपोआप सुटला. गंमत पुढेच आहे. त्या पेशींत ताजा विषाणू घातला, तर तो चिकटेचना. सुटलेला विषाणू मात्र नव्या पेशींना पहिल्यासारखाच चिकटला. म्हणजे बदल विषाणूत नव्हे, पेशीत झाला होता. जाताजाता विषाणूनं चिकटायची जागाच कापून टाकली होती.

ही जागा म्हणजे सियालिक आम्ल, पेशीवरच्या शर्करासाखळ्यांच्या टोकाला असणारी एक साखर. हेमाग्लुटिनिन तिला पकडतं, न्यूरामिनिडेज तिला कापतं. आता विचार करा, नवे विषाणू पेशीतून बाहेर येतात तेव्हा सभोवती हीच साखर असते. कात्री नसेल, तर ते पेशीला आणि एकमेकांना चिकटून तिथेच ढीग होऊन बसतील. श्वासमार्गातल्या चिकट स्रावातून वाट काढायलाही हीच कात्री लागते.

ही कात्री दिसते कशी? १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन, जोसेफ व्हर्गीस आणि ग्रॅम लेव्हर यांनी क्ष-किरणांच्या साहाय्यानं तिची रचना उलगडली. आकार अळंबीसारखा : खाली बारीक देठ, वर टोपी. टोपी चार सारख्या घटकांची. प्रत्येक घटकात पंख्यासारखी सहा पाती आणि पात्यांच्या मधोमध एक खोल खाच. कापण्याचं काम या खाचेत होतं. टोपीचा बाहेरचा भाग सतत बदलत राहतो, त्यामुळे आपली जुनी प्रतिपिंडं फसतात. खाचेतली महत्त्वाची अमिनो आम्लं मात्र ए आणि बी या दोन्ही प्रकारच्या फ्लूंत जवळजवळ तीच. ती बदलली, तर कात्रीच बोथट होईल.

म्हणून औषधांचा नेम या खाचेवर धरला गेला. झानामिविर, म्हणजे ओढून घ्यायची भुकटी, मूळ साखरेशी खूप मिळतीजुळती. ओसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू, तोंडानं घेता येतं. पण त्याला एक तेलकट शेपूट आहे. ती मावण्यासाठी खाचेतल्या एका अमिनो आम्लाला थोडं वळावं लागतं.

विषाणूला पळवाट सापडली ती इथेच. २७४ व्या जागी हिस्टिडिनऐवजी टायरोसिन आलं, की ते वळण अडतं. शेपूट बसत नाही. साखर मात्र बसते. २००७-०८ च्या हिवाळ्यात असा एच१एन१, हे औषध फारसं न वापरणाऱ्या नॉर्वेतही, मोठ्या प्रमाणात सापडला. झानामिविर त्यावर चालत राहिलं, कारण त्याला ते वळण लागतच नव्हतं.

२००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची लाट आली, तेव्हा टॅमिफ्लूच्या गोळ्या उपयोगी पडल्या. त्या नव्या विषाणूचा 'एन' डुकरांमधल्या फ्लूकडून आलेला होता आणि त्याच्यात बहुतांशी हा बदल नव्हता. हे आपलं नशीब, योजना नव्हे.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवू. ही औषधं विषाणूला मारत नाहीत, फक्त त्याची सुटका अडवतात. म्हणून पहिल्या ४८ तासांत, डॉक्टरांच्या सल्ल्यानं सुरू केली तर त्यांचा फायदा सर्वांत जास्त. आणि औषध मूळ साखरेच्या जितकं जवळ, तितकी विषाणूची पळवाट अरुंद. अरुंद म्हटलं आपण, बंद नव्हे.