चप्पल निसटते तेव्हा

कांद्याची लागण उक्ती घेतली की बायका दिवसभर वाफ्यात उकिडव्या बसतात. अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर-राहुरीकडे थंडीच्या दिवसांत हे चित्र रस्त्यावरून जाताजाताही दिसतं. पायाला मुंग्या येतात, बाई उठते, पाय झटकते, पुन्हा बसते. क्वचित एखादीच्या मुंग्या संध्याकाळपर्यंत जातच नाहीत. दुसऱ्या दिवशी एकाच पायातली चप्पल निसटू लागते, अंगठा उंबऱ्याला अडकतो, पाऊल जमिनीवर ‘फट्’ आपटतं. मग ती गुडघा उंच उचलून चालायला लागते. घरच्यांचं निदान तयार असतं: कंबरेची शीर दबली.

कंबरेला आळ लावण्याआधी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, चाचपून पाहा. हाडाचा गोल उंचवटा लागेल. ते फिब्युलाचं डोकं. त्याच्या लगेच खाली, हाडाच्या मानेला वळसा घालून कॉमन पेरोनियल नस पुढे येते. वर मांसाची गादी नाही. कातडी आणि थोडी चरबी, बस्स. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथेही हेच: अल्नर नस हाडाला खेटून उघड्यावर. उकिडवं बसलं की गुडघा पूर्ण दुमडतो आणि ही नस हाड व स्नायूंच्या ताणलेल्या दोरांमध्ये चेमटते. पाऊल आणि बोटं वर उचलणारे स्नायू तिच्याच हुकमतीत असतात. वजन झपाट्यानं उतरलं असेल तर चरबीचा तेवढाही आधार जातो.

मग कंबर की गुडघा? या प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात देखणा वाटतो. डॉक्टर लोंबणारं पाऊल हातानं सरळ धरतात आणि म्हणतात, “मावशी, आता तळवा आतल्या बाजूला वळवा, जोर लावा.” हे काम करणारा स्नायू वेगळ्या नसेवर, टिबियलवर, चालतो. पण कंबरेतल्या पाचव्या मणक्याची मुळी दोन्ही नसांना तंतू पुरवते. पाऊल वर उचलत नाही पण आत जोरात वळतं, तर संशय गुडघ्यावर. दोन्ही हालचाली दुबळ्या असतील तर कंबर तपासायची. आधीच एमआरआय काढला तर चाळिशीनंतरच्या पुष्कळ कंबरांत थोडी सरकलेली गादी दिसतेच, आणि सगळे तिच्याच मागे लागतात. एनसीव्ही-ईएमजी ही नसा-स्नायूंची विद्युत तपासणी उपयोगी खरी, पण त्यासाठी दुसऱ्याच दिवशी धावण्यात अर्थ नाही. तंतू तुटल्याच्या खुणा स्नायूत उमटायला दोन-तीन आठवडे जातात.

पण गुडघ्याजवळची नस नुसत्या बसण्यानंच बिघडते असं नाही. याच जिल्ह्यात जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या बायका तिथे आरोग्य कार्यकर्त्या झाल्या आणि कुष्ठरोग ओळखू लागल्या. या रोगाच्या जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो, म्हणून तो नेमक्या कातडीलगतच्या नसा धरतो: कोपराची, गुडघ्याची, घोट्यामागची. नस जाड होते, बोटाखाली दोरीसारखी सरकते. तेव्हा लुळ्या पावलासोबत अंगावर बधिर, फिकट चट्टा असेल तर वाफ्याला दोष देऊन मोकळं होता येत नाही.

हाड मोडलं तरी शेजारची नस बघावीच लागते. दंडाचं हाड मधोमध मोडलं की त्याला वळसा घालणारी रेडियल नस सापडते आणि मनगट लोंबतं. उलट, गुडघ्याखालच्या प्लास्टरची वरची कड फिब्युलाच्या मानेवर रुतली तर पाऊल लुळं पडतं. म्हणून प्लास्टरमधल्या पेशंटला बोटं वर उचलून दाखवायला सांगतात.

नस नुसती चेमटली असेल तर बहुधा काही आठवड्यांत सुटते. तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतात. ते कुठवर आले हे पाहायची रीत फ्रेंच डॉक्टर ज्यूल टिनेल यांनी 1915 मध्ये, महायुद्धातल्या जखमींवरून मांडली. नसेच्या वाटेवर बोटानं टकटक करत जायचं. जिथे झिणझिणी उठते तिथवर तंतू पोचलेले. डॉक्टर त्या जागेचं अंतर केसपेपरवर लिहितात. महिन्याभरानं तीच झिणझिणी 3-एक सेंटिमीटर खाली सापडली तर काम चालू आहे. तोवर मावशींनी वाफ्यात उकिडवं बसायचं नाही, आणि पायात मागे पट्टा असलेली सँडल घालायची.