बांबूचा परवाना आणि फायलीची लिंक

गडचिरोलीच्या जंगलातून बांबूचा ट्रक निघतो, तेव्हा ड्रायव्हरजवळ एक कागद असतो. वाहतूक परवाना. माल किती, कुठून निघाला, कुठे जाणार, कोणत्या गाडीतून आणि किती तारखेपर्यंत, हे सारे त्यावर लिहिलेले असते. मुदत उलटली की तो कागद रद्दी.

या साध्या कागदासाठी धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला झगडावे लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर परवाना द्यायचा कोणी, यावर घोडे अडले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. हक्क मिळणे वेगळे आणि दुसऱ्याला परवानगी देण्याचा अधिकार हाती येणे वेगळे, हे त्या दिवशी साऱ्यांना कळले.

मला मात्र ते खऱ्या अर्थाने कळले फार उशिरा, कॉम्प्युटरसमोर डोक्याला हात लावून बसलो असताना.

आम्ही पाच-सहा जण इकडच्या काही ग्रामसभांचे हिशेब आणि नकाशे नीट लावून देतो. तेंदूच्या हंगामात कोणत्या घराने किती पुडे आणून दिले, कोणाचे किती पैसे निघतात, हे सगळे आता इंटरनेटवरच्या एका सामाईक फोल्डरमध्ये असते. चंद्रपुरात बसलेल्या माणसाला आणि धानोऱ्याकडे फिरणाऱ्या माणसाला एकच हिशेब दिसावा, म्हणून ही सोय. पैसेवाटपाच्या आदल्या रात्री तक्ता उघडला, तर अकरा घरांचे आकडे गायब! कोणी पुसले म्हणून पाहावे, तर नावाच्या जागी फक्त ‘अनामिक’.

सुदैवाने अशा फायलींत जुन्या आवृत्त्या जपलेल्या असतात. तासाभरात आकडे परत आले. पण झोप गेली ती गेलीच. ते आकडे म्हणजे मे महिन्याच्या उन्हात पहाटेपासून पाने तोडणाऱ्या बायाबापड्यांचा घाम होता.

शोध घेता चूक माझीच निघाली. दोन हंगामांपूर्वी घाईत मी त्या फोल्डरची लिंक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली होती आणि ‘ज्याच्याकडे लिंक त्याला बदल करता येईल’ असा पर्याय निवडला होता. ग्रुपमधली निम्मी मुले काम सोडून गेली, काहींचे फोन घरातल्या पोरांच्या हाती गेले. लिंक मात्र जिवंतच. कोणाचा हेतू वाईट होता असे मला आजही वाटत नाही. चुकून एक अंगठा लागला असेल, इतकेच.

दुसऱ्या दिवशी सभेत मी सगळे सांगून टाकले. एक वयस्कर बाई उठून म्हणाल्या, ‘‘सर, आमच्या वहीले हात लावाचा असन त ग्रामसभेले इचारा लागते. तुमच्या वहीले कोनीबी हात लावते का जी?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. लिंक म्हणजे नाव नसलेला, मुदत नसलेला, गाडीचा नंबरही नसलेला परवाना. ज्याच्या हाती पडला, त्याचा झाला. असा परवाना कोणतीही ग्रामसभा देणार नाही. मी शिकलासवरलेला माणूस, तो बिनदिक्कत वाटून बसलो होतो.

नुसत्या पाहण्यानेही घात होऊ शकतो. २०१३ साली मध्य प्रदेशात एका वाघाच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा होता आणि त्याचा ठावठिकाणा शास्त्रज्ञाच्या ई-मेलवर येत असे. ते खाते पुण्याहून कोणीतरी उघडू पाहिले. प्रयत्न फसला, पण वन्यजीवप्रेमींच्या छातीत धस्स झाले. ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्या आम्हाला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. आमच्या नकाशांतही पाणवठे आहेत, पायवाटा आहेत.

मग आम्ही घर आवरायला घेतले. या साठवणीत साधारण तीन पायऱ्या असतात : फक्त पाहणारा, शेरा लिहिणारा आणि बदल करणारा. आम्ही उघडी लिंक बंद केली आणि प्रत्येकाला नावाने, कामापुरती पायरी दिली. फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या सगळ्या फायलींना लागू होते, म्हणून नकाशे वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले. बदल करणारा माणूस पुढे आणखी कोणाला आत घेऊ शकतो, तो पर्यायही बंद केला. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली. यादीतून माणसाचे नाव काढले, पण लिंक उघडीच राहिली, तर तो मागच्या दाराने पुन्हा आत येतोच.

तुमच्या घरातही असे फोल्डर असतीलच. लग्नाचा अल्बम, वडिलांचे तपासणीचे रिपोर्ट, घराची कागदपत्रे. ‘पाठव रे लिंक’ म्हटले की आपण पाठवतो. मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी उघडलेले दार वर्षानुवर्षे तसेच राहते. आज सवडीने बसून ती यादी एकदा पाहा. कोण आत आहे, कशासाठी आणि अजून त्याचे काम उरले आहे का?

आमच्या त्या गावात आता ग्रामसभेच्या रजिस्टरमध्येच एक पान आहे. हिशेबात बदल कोणी करायचा, त्यांची तीन नावे आणि पुढे मुदतीची तारीख. हंगाम संपला की सभेत नावे वाचतात आणि मी सगळ्यांसमोर ती काढून टाकतो. पहिल्या वर्षी काढलेल्या नावांत माझेही होते. त्या बाईंनी ते दोनदा वाचायला लावले.